जुन्या ट्रेलरचे पाटे, शॅकल आणि ॲक्सल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझ्याकडे वडिलांच्या काळातला, एका ॲक्सलचा छोटा मालवाहू ट्रेलर आहे. सांगाडा भक्कम आहे, पण डाव्या बाजूचा मेन पाटा (कमानीच्या स्प्रिंगमधली मुख्य, सर्वांत लांब पट्टी) तुटला आहे आणि उजवा पूर्ण बसला आहे. ट्रेलरवर नावाची पट्टी उरलेली नाही. सुट्या भागांच्या दुकानात पहिला प्रश्न कंपनी आणि मॉडेल यांचाच विचारला जातो आणि तेथेच शोध थांबतो. जुळणारे पाटे कसे शोधावेत?

उत्तर: नावाची पट्टी नसल्यामुळे आपण निराश होऊ नये, कारण ती असती तरी तिचा उपयोग मर्यादितच झाला असता. छोटे ट्रेलर बनवणारे बहुतेक कारखाने सांगाडा आणि हौदा स्वतः बनवत. पाटे, ॲक्सल, हब (ज्यावर चाक बसते तो फिरता भाग) आणि बेअरिंग मात्र ते सुटे भाग बनवणाऱ्यांकडून ठरावीक मापांत विकत घेत. म्हणून ट्रेलर बनवणारा कारखाना बंद पडला, तरी त्याने वापरलेल्या मापाचे पाटे आजही बनत असण्याची शक्यता मोठी असते. शिवाय इतक्या वर्षांत एखाद्या मालकाने एका बाजूचे पाटे बदललेले असू शकतात. त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्यात आणि आकडे जुळले तरच ते माप मूळचे समजावे.

पहिले माप रुंदीचे. गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढून, जेथे पाटा झिजलेला किंवा फुगलेला नाही अशा जागी व्हर्नियर कॅलिपर लावावा. हलक्या ट्रेलरवर पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, ही रुंदी फार आढळते. मेट्रिक मापाच्या ट्रेलरवर तिच्या जागी ४५ मिलिमीटर असते. हे अर्ध्या मिलिमीटरचे अंतर कागदावर क्षुल्लक वाटते, परंतु पावणेदोन इंचांसाठी घट्ट मापात बनवलेल्या हँगरमध्ये (पाट्याचे टोक धरणाऱ्या, सांगाड्यावरच्या आधारात) ४५ मिलिमीटरचा पाटा अडकून बसतो आणि त्याला मोकळेपणाने फिरता येत नाही. सव्वादोन इंच म्हणजे ५७.१५ आणि अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर, या दोन्ही मापांच्या पाट्यांना दुकानात सरसकट ‘साठचा पाटा’ म्हटले जाण्याचा धोका असतो, आणि प्रत्यक्षात ६० मिलिमीटरचा पाटा यांपैकी कोणाचीही जागा नीट घेत नाही.

दुसरे माप लांबीचे, आणि येथेच सर्वाधिक चुकीच्या मागण्या नोंदवल्या जातात. लांबी एका डोळ्याच्या (पाट्याचे टोक वळवून केलेल्या गोल भोकाच्या) मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत मोजतात. ट्रेलर भरलेला असताना पाट्याची कमान सपाट होते आणि हे अंतर वाढते. म्हणून माप भार काढून घेतले की भारासह, हे मापाबरोबर लिहिलेच पाहिजे. सरळ रेषेतील लांबीसोबत मेन पाट्याच्या वळणाला धरून, मऊ फीतपट्टीने घेतलेली लांबीही नोंदवावी, कारण बसलेल्या पाट्याची कमान मूळची राहिलेली नसते, पण वळणावरची लांबी बदलत नाही. आपला तुटलेला पाटा तुकडे एकमेकांना भिडवून असाच मोजता येईल. काही ट्रेलरवर पाट्याच्या एकाच टोकाला डोळा असतो आणि दुसरे टोक हँगरच्या आत नुसते सरकते. अशा वेळी डोळ्याच्या मध्यापासून सरकत्या टोकापर्यंत मोजावे.

यानंतर सेंटर बोल्ट, म्हणजे सगळे पाटे एकत्र धरणारा बोल्ट, प्रत्येक डोळ्यापासून किती अंतरावर आहे ते पाहावे. तो नेमका मध्यावर असेलच असे नाही. लांबी जुळणारा पण सेंटर बोल्ट पुढेमागे असलेला पाटा बसवला, तर ॲक्सल तेवढाच पुढे किंवा मागे सरकतो. एका ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये त्यामुळे हिचवर (ओढणाऱ्या वाहनाशी असलेल्या जोडणीवर) येणारा भार बदलतो आणि चाके मडगार्डला घासू शकतात. तो फरक एकाच बाजूला असेल, तर ॲक्सल तिरका बसून ट्रेलर रस्त्यावर आडवा चालतो आणि टायर काही दिवसांत खाल्ले जातात.

डोळा वर वळवलेला आहे, खाली वळवलेला आहे की पाट्याच्या रेषेत आहे, हेही लिहून ठेवावे. यात बदल झाला तर ट्रेलरची उंची साधारण डोळ्याच्या व्यासाइतकी बदलते. डोळ्यातून जाणाऱ्या बोल्टाचा व्यास मोजताना झिजलेली जागा टाळावी आणि डोक्यालगतच्या, हँगरच्या आत स्थिर राहिलेल्या भागाचे माप घ्यावे. झिजलेल्या जागी साडेचार सुती बोल्ट सहज चार सुती भासतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि मग नवा बुश (डोळ्यात बसणारी नळी) आणि नवा बोल्ट दोन्ही चुकीचे येतात. बुश काढून डोळ्याचा आतला व्यास वेगळा मोजावा.

प्रत्येक पाट्याची जाडी आणि एकूण पाटे नोंदवावेत. सगळे पाटे एकाच जाडीचे असतील असे गृहीत धरू नये; पुष्कळदा मेन पाटा जाड आणि खालचे पातळ असतात. कमानीची उंची म्हणजे दोन डोळ्यांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेपासून मेन पाट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर. आपला डावा पाटा तुटलेला आणि उजवा बसलेला असल्यामुळे मूळची कमान कोणत्याच बाजूला मोजता येणार नाही. तेव्हा उलट दिशेने जावे: ज्या वाहनामागे ट्रेलर ओढायचा आहे त्याच्या हिचची उंची घ्यावी, ट्रेलरचा तळ जमिनीला समांतर राहील अशा रीतीने सांगाडा ठोकळ्यांवर टेकवावा, चाके जागेवर धरावीत आणि ॲक्सलच्या बैठकीपासून हँगरच्या बोल्टापर्यंतचे उभे अंतर मोजावे. भरलेल्या ट्रेलरमध्ये पाट्याने तेवढी उंची द्यायला हवी.

पाटा ॲक्सलच्या वर आहे की खाली, हे छायाचित्रासह नोंदवावे. एका बाजूच्या पाट्याच्या मध्यापासून दुसऱ्या बाजूच्या पाट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर, दोन हबच्या चाक टेकणाऱ्या पृष्ठभागांमधले अंतर आणि ॲक्सलच्या नळीचा व्यास ही तीन मापे ॲक्सल शाबूत असला तरी घ्यावीत, कारण पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आणि खालच्या प्लेटा त्यांवरूनच मिळतात. दोन इंच तीन सूत, म्हणजे ६०.३ मिलिमीटर, हा हलक्या ॲक्सलच्या गोल नळीचा नेहमी दिसणारा व्यास आहे. नळी गोल असेल तर गोल वळणाचा आणि चौकोनी असेल तर चौकोनी वळणाचाच यू-बोल्ट घ्यावा. गरम करून वळण बदललेला यू-बोल्ट ट्रेलरखाली अजिबात वापरू नये.

मापे हाती आल्यावर भाराचा हिशोब करावा. समजा भरलेल्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलो असणार आहे आणि त्यातले ५० किलो हिचवर येते. उरलेल्या ७०० किलोंमधून चाके, हब आणि ॲक्सल यांचे वजन वजा करावे, कारण ते पाट्यांवर नसते. ते ६० किलो धरले तर दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर मिळून ६४० आणि एका पाट्यावर, म्हणजे एका बाजूच्या पूर्ण संचावर, ३२० किलो येतात. पाटे विकत घेताना सांगितलेली क्षमता एका पाट्याची आहे की जोडीची, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या एका गैरसमजातून दुप्पट कडक किंवा निम्म्या ताकदीचे पाटे घरी येतात.

एवढा कागद तयार झाला की कंपनीचे नाव विचारणाऱ्या दुकानदारासमोर तो ठेवता येतो. शेतीच्या ट्रॉल्यांचे, बोटीच्या ट्रेलरचे आणि हलक्या मालवाहू गाड्यांचे सुटे भाग विकणारे लोक मापावरून पाटा ओळखू शकतात. तयार पाटा न मिळाल्यास पाटे घडवणाऱ्या कार्यशाळेत हाच कागद आणि तुटलेला पाटा नमुना म्हणून द्यावा. मागणी मात्र जोडीचीच करावी. एका बाजूला नवी कमान आणि दुसऱ्या बाजूला थकलेली कमान असेल, तर ट्रेलर एका अंगावर झुकतो आणि नवा पाटाच जास्त भार उचलत राहतो.

प्रश्न: तुटलेला मेन पाटा वेल्ड करून वापरता येईल का? वेल्डर तयार आहे.

उत्तर: नाही. पाट्याचे पोलाद कडक करून नंतर ठरावीक तापमानाला परत तापवलेले असते. त्या प्रक्रियेतूनच त्याला लवचीकपणा येतो. वेल्डच्या उष्णतेने जोडालगतचा पट्टा एका जागी ठिसूळ आणि दुसऱ्या जागी मऊ होतो, आणि पुढचा तडा बहुधा वेल्डमध्ये न जाता त्याच्या कडेला जातो. तडा दिसतही नाही आणि पाटा भर वेगात सुटतो. याच कारणाने पाट्याजवळ सांगाड्याचे वेल्डिंग करायचे असेल, तर पाटे आधी काढून ठेवावेत. वेल्डिंगचे उडालेले थेंब आणि पाट्यावर चुकून उमटलेली ठिणगीची खूणसुद्धा तडा सुरू होण्यास पुरेशी असते.

बसलेला पाटा पुन्हा कमानीत आणण्याचे काम वेगळे आहे. भट्टी, तेलातले कडकीकरण आणि त्यानंतरचे तापवणे या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत अशा कारागिराने ते केले तर पाटा टिकतो. नुसता हातोडा मारून वाढवलेली कमान थोड्याच काळात पुन्हा बसते.

प्रश्न: जुन्या ट्रेलरची क्षमता वाढवण्यासाठी मूळच्या ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटर जाडीचे पाटे बसवावेत असे मला सुचवण्यात आले आहे. एका मिलिमीटरने फारसा फरक पडणार नाही, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर: फरक फार मोठा पडतो. पाट्याचा कडकपणा रुंदीच्या आणि पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. ६ च्या जागी ७ मिलिमीटर जाडी आली की बाकी सगळे तेच असतानाही कडकपणा जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो. तुलनेसाठी, चार सारख्या पूर्ण लांबीच्या पाट्यांत तसाच पाचवा घातला तर वाढ २५ टक्के होते.

हेच गणित गंजालाही लागू होते, आणि जुन्या ट्रेलरच्या बाबतीत ते अधिक महत्त्वाचे आहे. ६ मिलिमीटरचा पाटा गंजून ५ मिलिमीटर उरला, तर त्याचा कडकपणा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो आणि तेवढ्याच भाराखाली पोलादावरचा ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. वरून रंगवलेला, दिसायला सुबक असलेला जुना संच म्हणूनच सुटा करून प्रत्येक पाटा मोजल्याशिवाय पुन्हा बसवू नये. दोन पाट्यांच्या मध्ये गंजाचे पापुद्रे साचून संच फुगलेला असेल, तर बाहेरून मोजलेली एकूण जाडी मूळपेक्षा जास्तही भरते, आणि प्रत्यक्षात पोलाद कमी झालेले असते.

क्षमतेविषयी स्पष्ट सांगायचे तर, पाटे जाड करून ट्रेलरची क्षमता वाढत नाही. ती टायर, चाक, बेअरिंग, ॲक्सल, पाटे, सांगाडा आणि हिच यांतील सर्वांत दुबळ्या भागावर ठरते. टायरवर भारांक ८० छापलेला असेल, तर त्याची मर्यादा ४५० किलो आहे. अशा दोन टायरवर ९०० किलोंपेक्षा जास्त भार टाकता येत नाही, मग पाटे कितीही जाड असोत. अति कडक पाट्यांचा ट्रेलर रिकामा असताना प्रत्येक खड्ड्यावर उसळतो, चाके जमीन सोडतात, आणि जो धक्का पाट्याने घ्यायचा तो जुन्या सांगाड्याच्या वेल्डना सोसावा लागतो. मला विचाराल तर ज्या ट्रेलरचा सांगाडा चाळीस-पन्नास वर्षांचा आहे, त्याच्यासाठी प्रत्यक्ष भाराला पुरतील एवढेच, शक्य तितके मऊ पाटे निवडावेत. आपला ट्रेलर बहुतेक वेळ अर्धा रिकामा धावत असेल, तर हे आणखीच खरे आहे.

प्रश्न: माझ्या ट्रेलरला पाटे नाहीतच. चौकोनी नळीतून दोन्ही बाजूंना आखूड हात बाहेर आले आहेत आणि त्यांना चाके लावलेली आहेत. ट्रेलर रिकामा असतानाही खूप खाली बसतो. आतले रबर बदलून मिळते का?

उत्तर: आपल्याकडे रबर टॉर्शन ॲक्सल आहे. बाहेरच्या चौकोनी नळीत दुसरा चौकोनी दांडा ४५ अंशांनी वळवून ठेवलेला असतो आणि चार कोपऱ्यांत रबराच्या चार दोऱ्या दाबून बसवलेल्या असतात. चाक वर उचलले गेले की हात आतला दांडा फिरवतो, रबर दाबले जाते आणि तेच स्प्रिंगचे काम करते. हे रबर कारखान्यात अतिशय थंड करून, आकसलेल्या अवस्थेत नळीत भरतात. नेहमीच्या तापमानाला आल्यावर ते फुगून घट्ट बसते. त्यामुळे कार्यशाळेत ते काढून नवे भरण्याचा प्रयत्न करू नये. तसे करताना नळी कापावी लागते आणि परत मिळणारा ताण कोणालाच मोजता येत नाही. पूर्ण ॲक्सल किंवा दोन्ही बाजूंचे अर्धे ॲक्सल नवे घ्यावेत.

नवा घेण्यासाठी हबच्या पृष्ठभागांमधले अंतर, सांगाड्यावरच्या बैठकींमधले अंतर, हाताची लांबी आणि भारक्षमता लागते. याशिवाय एक माप आहे, जे जुन्या ॲक्सलवर घेता येत नाही: भार नसताना हात आडव्या रेषेपासून किती अंश खाली असावा, हा सुरुवातीचा कोन. आपला हात रबर थकल्यामुळे आधीच वर गेला आहे, म्हणून तो कोन पाहून मागणी नोंदवली तर नव्या ॲक्सलवरही ट्रेलर तेवढाच खाली बसेल. येथेही हिचच्या उंचीवरून उलटा हिशोब करावा. क्षमता निवडताना अंदाजाने वरची निवडू नये, कारण रबराचा कडकपणा कारखान्यातच ठरतो आणि पाटा कमी करण्यासारखा उपाय नंतर करता येत नाही. बसवताना हात नेहमी मागच्या दिशेला असावेत, आणि नळीला थेट वेल्ड करू नये. उष्णता आत पोहोचली की रबर भाजते.

याऐवजी पाटे बसवावेत असा सल्ला आपल्याला मिळेलच. तो विचारात घेण्याआधी सांगाडा पाहावा. टॉर्शन ॲक्सलची नळी दोन बाजूंच्या तुळ्यांना आडवी बांधून ठेवते आणि अनेक कारखान्यांनी त्या बळावर सांगाडा हलका बनवलेला असतो. पाटे आले की ती आडवी बांधणी जाते आणि भार प्रत्येक बाजूला एका जागेऐवजी पुढच्या आणि मागच्या हँगरच्या जागी येतो, जेथे तुळई कदाचित पातळ असेल. आडवी नवी नळी आणि हँगरखाली जाड पट्ट्या घातल्याशिवाय हा बदल करू नये.

प्रश्न: हबमधले बेअरिंग गेले आहे. बाहेरची रिंग जुन्याशी तंतोतंत जुळते, तरी नवे बेअरिंग स्टबवर (ॲक्सलच्या टोकाच्या दांड्यावर) लटपटते. दुकानदार म्हणतो की स्टब झिजला आहे.

उत्तर: स्टब झिजलेला असू शकतो, पण त्याआधी बेअरिंगच्या आतल्या रिंगेवर कोरलेला आकडा वाचावा. निमुळत्या रोलर बेअरिंगची आतली आणि बाहेरची रिंग वेगवेगळ्या क्रमांकांनी ओळखली जाते, आणि एकाच बाहेरच्या रिंगेत वेगवेगळ्या भोकांच्या आतल्या रिंगा बसतात. एल ४४६१० ही बाहेरची रिंग हलक्या ट्रेलरच्या हबमध्ये फार आढळते. तिच्यात एल ४४६४३ बसते, जिचे भोक एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आहे. आणि एल ४४६४९ सुद्धा बसते, जिचे भोक जवळजवळ २७ मिलिमीटर आहे. फरक अर्ध्या सुताचा आहे. आपण दिलेल्या वर्णनावरून एक इंची स्टबवर मोठ्या भोकाची रिंग आली असण्याचा संभव मला अधिक वाटतो.

खात्रीसाठी स्टबवरील दोन्ही बेअरिंगांच्या जागा आणि तेलसीलची जागा मायक्रोमीटरने मोजाव्यात. जागा निळी पडलेली किंवा चरे पडलेली असेल, तर आतली रिंग स्टबवर फिरलेली आहे; असा स्टब वेल्ड भरून लेथवर कातण्यापेक्षा बदलणे सुरक्षित. बेअरिंग बदलताना बाहेरची रिंगही नवीच ठोकावी, जुनी तशीच ठेवू नये. नट आवळताना हब हाताने फिरवत राहावे, मग नट मागे घेऊन अगदी हलकी फट ठेवावी आणि खिळपिन घालावी. पहिल्या फेरीनंतर हबला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल एवढा तो तापला असेल, तर नट जास्त आवळला गेला आहे.

जाता जाता चाकाविषयी. पाच बोल्टांच्या हबवर समोरासमोर बोल्ट नसतो, म्हणून शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ६७.२ मिलिमीटर आले तर व्यास ११४.३ म्हणजे साडेचार इंच, आणि ६५.८ आले तर ११२ मिलिमीटर. जेमतेम दीड मिलिमीटरच्या या फरकामुळे चुकीचे चाक जबरदस्तीने बसवले जाते आणि नंतर बोल्ट तुटतात.

प्रश्न: मी दुसऱ्या महायुद्धातील पाव टनी जीप ट्रेलर पुन्हा उभा करत आहे. त्याचे मूळचे आट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणारे झुलते दुवे) जाम झाले आहेत. ते काढून साध्या बुशचे शॅकल लावले तर ट्रेलरचे मोल कमी होईल का?

उत्तर: या ट्रेलरच्या बाबतीत मी आपल्याला मूळच्याच भागांचा आग्रह धरण्याची विनंती करतो, कारण येथे ते शक्य आहे. विलिस-ओव्हरलँडने बनवलेला एमबीटी आणि अमेरिकन बँटमने बनवलेला टी-३ हे दोन्ही ट्रेलर जीपच्या जोडीने चालण्यासाठी बनवले गेले. चाके तीच, ६.००-१६ चे टायर तेच, साडेपाच इंची वर्तुळावरचे पाच बोल्टही तेच. जीप जतन करणारे लोक जगभर असल्याने तिच्या सस्पेन्शनचे भाग आजही नव्याने बनतात.

शॅकल काढताना मात्र जपावे. त्या काळच्या जीपवर इंग्रजी ‘यू’ आकाराचे, आटे पाडलेले शॅकल होते आणि त्यांतील काही उलट्या आट्यांचे होते; अशा शॅकलच्या खालच्या दांड्यावर लहानसा उंचवटा घडवलेला असतो. तो उंचवटा रंगाखाली किंवा गंजाखाली लपतो आणि बुश चुकीच्या दिशेला जोर लावून फिरवला जातो. म्हणून आधी साफ करावे, खूण शोधावी, आत झिरपणारे तेल देऊन थांबावे आणि मगच पाना लावावा. नवे शॅकल मागवताना सुलट आणि उलट किती हवेत, हे प्रत्येक जागा तपासून लिहावे. जुळवताना बुश डोळ्यात आणि शॅकल बुशमध्ये दोन्ही बाजूंनी सारखे आत जातील असे पाहावे, नाहीतर शॅकल एका अंगाला कलंडून आटे खातो.

तरीही बदल करावाच लागला, तर तो पुन्हा उलटवता येईल असाच करावा. हँगर कापू नये, नवी भोके पाडू नयेत, आणि निघालेला प्रत्येक भाग तेल लावून, कोणत्या जागेचा ते लिहून जपून ठेवावा.

प्रश्न: सगळे नवे भाग बसवले: पाटे, रबरी बुश, शॅकल, यू-बोल्ट. काही महिन्यांत रबर फाटले आणि एका बाजूचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकला. भाग निकृष्ट होते का?

उत्तर: भाग चांगले असूनही असे होते. धातूच्या नळीला चिकटवलेला रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. ट्रेलर जॅकवर उचललेला असताना, पाटे लोंबत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्या स्थितीत पकडले जाते आणि चाके जमिनीवर टेकल्यापासून कायम पिळलेले राहते. म्हणून बोल्ट आधी हलके लावावेत, ट्रेलर चाकांवर उतरवावा, नेहमीच्या भाराइतके वजन ठेवावे आणि मग आवळावेत. नायलॉनच्या किंवा पितळी बुशचे तसे नाही. त्यांत पाटा बोल्टाभोवती फिरायला हवा, तेव्हा तेथे शॅकलच्या पट्ट्या पाट्याला चिमटणार नाहीत एवढेच नट घट्ट करावे आणि स्वतःहून न सुटणारे नट वापरावेत. पितळी बुशला ग्रीस निपलचा बोल्ट लागतो आणि त्याचे ग्रीसचे भोक ज्या बाजूला भार नाही त्या बाजूला ठेवावे लागते.

शॅकलचा कलही एकदा पाहावा. रिकाम्या ट्रेलरमध्ये मागच्या शॅकलचे खालचे टोक किंचित पुढे, म्हणजे पाट्याच्या मध्याकडे, झुकलेले असावे. भार आला की पाटा सपाट होऊन लांब होतो आणि ते टोक मागे ढकलतो. ते आधीच पूर्ण मागे गेलेले असेल, तर लांब होण्यास जागा उरत नाही आणि पुढच्या हँगरचा बुश चेंगरतो. असे दिसल्यास पाटा हँगरच्या अंतराच्या मानाने लांब आला आहे.

सेंटर बोल्टाचे काम पाटे एकत्र धरणे आणि ॲक्सलला जागा दाखवणे एवढेच आहे. ब्रेकचा आणि खड्ड्यांचा जोर यू-बोल्टच्या पकडीने पेलायचा असतो. यू-बोल्ट सैल असले की पाट्यांचा संच बैठकीवर पुढेमागे सरकतो आणि तो सगळा जोर सेंटर बोल्टावर येऊन तो कापला जातो. नवे यू-बोल्ट, बैठकीवरचा ताजा रंग आणि पाट्यांमधला रंग हे सगळे पहिल्या काही फेऱ्यांत दबते, आणि पकड ढिली होते. म्हणून बैठकीच्या जागी जाड रंग देऊ नये, नट आडव्या जोड्यांनी थोडे थोडे करून यू-बोल्टच्या उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळावेत, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर ते टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. एकदा पूर्ण आवळून काढलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो; तो परत वापरू नये.

आणखी एक शक्यता तपासून पाहावी. नट हाताने दोन-तीन आटे सहज जाऊन मग जड चालत होते का? जुन्या ब्रिटिश ट्रेलरवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश प्रमाणाचे आटे असतात. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे आणि यूएनसी या अमेरिकन प्रमाणात १३ आटे असतात, म्हणून तेथे चूक लगेच कळते. तीन सुती बोल्टाला मात्र दोन्हींत १६ आटे आहेत. फक्त आट्याचा कोन व्हिटवर्थचा ५५ अंश आणि यूएनसीचा ६० अंश आहे. असा नट चढतो, आवळल्यासारखा वाटतो आणि भाराखाली सैल होतो. प्रत्येक बोल्टावर आटेमापक लावूनच त्याचा नट निवडावा.